लगाम उतरला, तरी काठी आठवते

पत्र थोडक्यात: खानदेशातल्या एका गावातून २६ वर्षांच्या तरुणाने लिहिलं आहे. नाव-गाव न छापण्याची त्यांची विनंती आहे. घरात दोन पिढ्यांपासून वरातीच्या घोड्यांचा धंदा. दोन घोडे नुसते नवरदेवाला बसवण्यासाठी आणि एक घोडी नाचणारी, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. घरातली निम्मी कमाई तिच्या नाचावर. मागच्या लग्नसराईत एका वरातीहून परतल्यावर तिच्या तोंडाच्या फेसात रक्त दिसलं. तोंड उघडून पाहिलं तर जीभ कापलेली, ओठांचे कोपरे सोललेले. वरातीत तिच्या तोंडात काटेरी लगाम असतो. तेव्हापासून हे वाचक तिला पहाटे शेतात नुसत्या मोरकीवर, म्हणजे तोंडात काही न घालता नाका-डोक्याभोवती बांधलेल्या दोरीवर, फिरवतात आणि ती छान चालते, वळते, थांबते. परदेशी स्वारांचे बिटलेस, म्हणजे घोड्याच्या तोंडात लोखंड न घालता केलेल्या, घोडेस्वारीचे व्हिडिओ पाहून त्यांनी मनाशी ठरवलं आहे की घोडीला बिनलगामाचं नाचायला शिकवायचं. वडील म्हणतात, ‘लगामाशिवाय वरातीत नेलीस तर माणूस मरेल.’ जिथे तिने नाच शिकला ते उस्ताद म्हणतात, घोडं भीतीनंच नाचतं, लाडानं नाही. शहरात शिकणारी बहीण म्हणते, नाचवणंच बंद करा. पत्राचा शेवट असा: ‘ताई, लगाम काढून नाचवली तर ते योग्य होईल ना? की नाचवणंच चूक आहे? आणि चूक असेल तर आम्ही खायचं काय?’

उत्तर:

काटेरी लगाम आजच उतरवा. बाकी सगळ्या गोष्टींवर आपण बोलू, घरात वाद होऊ द्या, वेळ घ्या. पण या एका गोष्टीला वेळ देऊ नका. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली केलेल्या नियमांमध्ये काटे, गाठी किंवा टोकं असलेला लगाम वापरायला मनाई आहे. तो नियम क्रमांक आठ. साठ वर्षं तो कागदावर आहे आणि तरीही हे लगाम यात्रांमध्ये उघड्यावर टांगलेले असतात, कारण १९६० च्या मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. त्यामुळे कायद्याच्या भीतीनं उतरवा असं मी म्हणणार नाही. तुम्ही तिची जीभ पाहिली आहे, तेवढं पुरे.

घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. बिट, म्हणजे लगामाचा तोंडात जाणारा लोखंडी भाग, तिथे बसतो. ही जागा जणू लोखंडासाठीच ठेवलेली आहे असं बरेच घोडेवाले मनापासून मानतात. पण त्या जागी हाडावर फक्त हिरडीचं पातळ आवरण असतं, खाली मांस नसतं. नडगीवर फटका बसला की आपल्याला जसं होतं, तसं तिला तिथे होतं. त्यात काटे लावले आणि पट्टा धरणारा माणूस गर्दीत धक्के खात असला, की जखम होणार का हा प्रश्नच राहत नाही. किती खोल होणार एवढाच राहतो.

काट्यांच्या जागी साधं गुळगुळीत बिट घातलं म्हणजे सगळं मिटलं, असंही नाही. फिनलंडमध्ये शर्यतीनंतर २६१ ट्रॉटर, म्हणजे दुडक्या चालीच्या शर्यतीतल्या, घोड्यांची तोंडं तपासली गेली. तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ८४ टक्के घोड्यांना बिट लागतं त्या भागात ताज्या जखमा होत्या. तोंडाबाहेर रक्त मात्र अगदी मोजक्यांच्या दिसत होतं. हे शर्यतीच्या नियमांत बसणारं साधं साहित्य वापरलेले, डॉक्टरांच्या देखरेखीखालचे घोडे. म्हणून रक्त दिसलं त्या रात्रीच काहीतरी बिघडलं असं समजू नका. त्याआधीच्या कितीतरी रात्री ते दिसलं नव्हतं, एवढंच.

आता वडिलांचं म्हणणं. त्यांना मागासलेले समजून बाजूला सारू नका, कारण त्यांच्या वाक्याचा एक अर्धा भाग बरोबर आहे. मोरकीवर शेतात शहाण्यासारखी चालणारी घोडी वरातीत तशीच चालेल याची काहीच खात्री नाही. शेतात पहाटे ती, तुम्ही आणि पाखरं. वरातीत फटाके, जनरेटर, स्पीकरची भिंत, पायात घुटमळणारी पोरं, मागून कुणीतरी शेपटीला हात लावतो. अशा ठिकाणी नव्या साहित्यावर, अर्धवट शिकलेली घोडी नेणं हा तिच्यावर आणि लोकांवर अन्याय आहे.

पण वाक्याचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे लगाम असला की घोडी आवरते, हा तपासून पाहायला हवा. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. दुखलं की तो दुखण्यापासून पळतो. बिथरून उधळलेल्या घोड्याला तोंडात जोरात ओढलं की तो डोकं वर फेकतो, जबडा उघडतो, मान ताठ करतो आणि आणखी पळतो. साडेतीनशे-चारशे किलोच्या जनावराला ताकदीनं थांबवणारं लोखंड कुणी बनवलेलं नाही. घोडा थांबतो तो थांबायला शिकलेला असतो म्हणून, आणि शिकलेलं आठवण्याइतका शांत असतो म्हणून. वडिलांना विचारा, आजवर जे घोडे उधळलेले त्यांनी पाहिले, त्यांच्या तोंडात लगाम नव्हता का? हा प्रश्न भांडणाच्या सुरात विचारू नका. एवढी वर्षं घोडे पाहिलेल्या माणसाकडे याचं उत्तर असणार.

तुमच्या पत्रात मात्र एक गृहीत आहे ज्यापाशी मला जरा जास्त थांबायचं आहे. तुम्ही धरून चालला आहात की वेदना लोखंडात आहे. लोखंड काढलं की वेदना गेली, आणि मग जे उरेल तो तिचा स्वतःचा नाच. हे इतकं सरळ नाही.

आधी साहित्याबद्दल. बिटलेस म्हणून जे विकलं जातं त्यात मऊ, रुंद पट्ट्याची मोरकी असते तशी दोन्ही बाजूंना लांब धातूच्या दांड्या असलेला मेकॅनिकल हॅकमोरही असतो. त्या दांड्या तरफेचं काम करतात. हात थोडा ओढला की नाकाचं हाड, हनुवटी आणि कानामागचा भाग एकदम आवळला जातो. घोड्याच्या नाकाचं हाड खाली नाकपुड्यांकडे पातळ होत जातं, आणि घोडा श्वास फक्त नाकानेच घेतो, तोंडानं घेऊ शकत नाही. पट्टा खाली सरकला आणि हात जड असला तर बिनबिटाची स्वारीही तिला छळू शकते. माझं मत विचाराल तर जड हातातल्या हॅकमोरपेक्षा हलक्या हातातलं गुळगुळीत, सांध्याचं साधं बिट बरं. साहित्य बदलायचं तर हातही बदलावा लागतो, आणि हात बदलायला जास्त दिवस लागतात.

जगात या बाबतीत एकवाक्यता नाही, हेही माहीत असू द्या. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या स्पर्धांत अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या प्रकारात हॅकमोर चालतो, पण ड्रेसाजमध्ये, म्हणजे ठरलेली पावलं आणि हालचाली नेमकेपणानं करून दाखवण्याच्या प्रकारात, बिट सक्तीचं आहे. नेदरलँड्सने आपल्या देशांतर्गत ड्रेसाज स्पर्धांत बिटलेस स्वारांना परवानगी दिली आहे. तुम्ही जे व्हिडिओ पाहता त्यांपैकी गाजलेला एक नमुना म्हणजे २००६ साली अमेरिकेतल्या ओहायोत स्टेसी वेस्टफॉल यांनी खोगीर नाही, लगाम नाही अशी केलेली स्वारी. डोळ्यांत पाणी यावं अशीच ती आहे. पण ती घोडी आधी लगामावर शिकलेली होती, लगामावर स्पर्धाही खेळलेली होती. पडद्यावर दिसतं ते शेवटचं पान असतं. आधीची पानं कशी लिहिली गेली, कुठे दया होती आणि कुठे दाब, हे त्या काही मिनिटांत कळत नाही.

आता नाचाकडे वळू. तुमच्या घोडीला उस्तादांनी नाच कसा शिकवला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्हाला माहीत असेल आणि लिहायला जड गेलं असेल. बऱ्याच ठिकाणची रीत अशी: घोड्याला दोन खांबांच्या मध्ये दोन्ही बाजूंनी आवळून बांधायचं, मान वर राहील असं तोंड ओढून ठेवायचं, आणि हलगी सुरू झाली की पायाच्या नळीवर छडी. पाय उचलला की छडी थांबते. मग दुसरा पाय. घोड्याला जाता येत नाही, मागे सरता येत नाही. दुखणं थांबवायचा एकच मार्ग उघडा असतो, जागच्या जागी पाय उचलणं. पुढे पुढे छडी मारावी लागत नाही, नुसती दाखवली तरी पुरते. त्याहीपुढे दाखवावीही लागत नाही. हलगीचा ठेका सुरू झाला की पाय उचलले जातात.

म्हणजे तिच्यासाठी हलगी हीच छडी झालेली असते. म्हणून मी तुम्हाला आजच सांगू शकते की तुम्ही लगाम काढलात, मोरकीवर वरातीत नेलीत, तरी ती नाचेल. कदाचित पहिल्यासारखीच नाचेल. लोक टाळ्या वाजवतील, कुणी व्हिडिओ काढेल, आणि तुम्हाला वाटेल की पाहा, प्रेमानंही नाचते. पण त्या नाचात लगाम आधीही मुख्य नव्हता. लगाम तिला जागेवर धरून ठेवायला होता. नाचवत होती ती आठवण. तोंड मोकळं झालं म्हणून आठवण पुसली जात नाही.

उस्तादांचं वाक्य म्हणूनच मला पूर्ण खोटं वाटत नाही. त्यांच्या हातून जी घोडी गेली ती भीतीनंच नाचते, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं आहे. त्यांची चूक पुढे होते: याशिवाय दुसरा मार्ग नाही, असं ते समजतात. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या झेनोफननं लिहून ठेवलं आहे की जबरदस्तीनं करवून घेतलेली गोष्ट घोडा समजून करत नाही आणि त्यात सौंदर्यही नसतं, नर्तकाला चाबकानं नाचवलं तर नसेल तसंच. झेनोफन लढाया केलेला माणूस होता, घोडदळातला. घोड्यावर त्याचा जीव अवलंबून असे. तरी त्याला हे दिसलं.

आणि ही काही फक्त आपल्या गावांतली गोष्ट नाही. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर ब्रिटनच्या शार्लट दुजार्दिन यांनी स्पर्धेतून माघार घेतली. तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेली ही ड्रेसाजपटू. शिकवणीच्या वेळी एका विद्यार्थिनीच्या घोड्याच्या पायांवर त्या पुन्हा पुन्हा चाबूक मारत असल्याचं चित्रण पुढे आलं, आणि त्यांच्यावर एक वर्षाची बंदी आली. सुंदर पावलं, महागडं साहित्य, पांढरे हातमोजे, आणि मुळाशी तीच पायावरची छडी. तिथेही प्रश्न तोंडातल्या लोखंडाचा नव्हता.

मग तुमची घोडी नेमकी कशामुळे नाचते, हे तिलाच विचारता येईल. कुंपण असलेल्या शेतात तिला मोकळी सोडा. मोरकीही काढा. एका बाजूला लसूणघास टाका. ती निवांत खायला लागली की दुसऱ्या टोकाहून मित्राला हलगी वाजवायला सांगा, लांबून आणि हळू. हातात छडी नको, उस्ताद समोर नकोत, तुम्हीही तिच्या जवळ नको. आणि बघा. तिनं कान वळवला, मान वर केली, जरा पाहिलं आणि परत घासाला तोंड लावलं, तर तो तिच्यासाठी नुसता आवाज आहे. चारा सोडून ती जागच्या जागी पाय उचलू लागली, किंवा कुंपणाच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, तर उत्तर मिळालं. तेवढ्यावर हलगी थांबवा. तिला तसंच ताणत ठेवू नका.

चेहरा वाचायलाही शिका. घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक मोजपट्टी संशोधकांनी २०१४ साली तयार केली. कान ताठ आणि मागे वळलेले, डोळा अर्धवट आवळलेला, डोळ्यावरचं हाड उठून दिसणं, चावायचे स्नायू ताणलेले, ओठ दाबलेले आणि हनुवटी घट्ट, नाकपुड्या ताणलेल्या. वरातीतले तुमचेच जुने व्हिडिओ काढून आवाज बंद करा आणि तिचा चेहरा पाहा. आवाज बंद करणं महत्त्वाचं आहे, कारण ठेका चालू असला की आपल्याला तिच्या पायांत आनंद दिसू लागतो. हे वडिलांसोबत बसून पाहता आलं तर फार चांगलं.

तर नाचवणं चूक आहे का? घोड्याला काही शिकवणं, त्यात देखणी पावलं शिकवणं, हे मला स्वतःत चूक वाटत नाही. घोड्यांना शिकायला आवडू शकतं. पाय उचलला की लगेच गाजराचा तुकडा, नाही उचलला तर काहीच नाही, ना मार ना ओरडा, आणि कंटाळा आला की तिला निघून जाता येतं: अशा रीतीनं पुढचा पाय उंच टाकत चालणं कितीतरी घोडे शिकतात. रोज थोडा वेळ, मोकळ्या जागेत. हा नाच तुम्ही शेतात खुशाल शिकवा. हलगीशिवाय सुरू करा, म्हणजे जुनी आठवण मध्ये येणार नाही. मागच्या दोन पायांवर उभं करणं आणि खाटेवर चढवून नाचवणं मात्र कोणत्याही रीतीनं नको. मागचे सांधे आणि पाठ त्यात जातात, आणि खाट मोडली तर पाय मोडतो.

पण वरातीतला नाच बंद करा, असंच मी सांगेन. लगामासह आणि लगामाशिवायही. कारण वरातीत तिला नाही म्हणता येत नाही. समजा तुम्ही तिला अगदी प्रेमानं शिकवलं आणि एका रात्री ती नाचायला तयार नाही. पाय दुखतो, फटाक्याला घाबरली, किंवा नुसतं मन नाही. समोर शंभर-दोनशे माणसं मोबाइल धरून उभी आहेत, नवरदेवाचे मित्र नोटा फिरवताहेत, सुपारी घेतलेली आहे, पैसे मोजून झालेले आहेत. त्या क्षणी तुम्ही तिचं ऐकाल? तुम्ही ऐकलंत तरी भोवतीचे लोक ऐकू देतील? २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटाथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत सेंट बॉय नावाच्या घोड्यानं सगळ्या जगासमोर पुढे जायला नकार दिला. स्वार रडत होती, चाबूक वापरत होती, आणि प्रशिक्षिकेनं त्याला ठोसा मारला. ती माणसं क्रूर म्हणून आली नव्हती. पदक हातातून जात होतं आणि घड्याळ चालू होतं. त्या प्रसंगानंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकायचं ठरलं; पॅरिसनंतर ती गेली. जिथे जनावराचा नकार ऐकायला जागाच ठेवलेली नाही, तिथे त्याच्याकडे काही मागू नये, या मताची मी आहे. डीजेचा त्रास वेगळाच. घोड्याला माणसापेक्षा बरेच उंच स्वर ऐकू येतात, आणि आवाजापासून लांब जाणं हाच त्याचा उपाय. वरातीत तोही नाही.

आता खायचं काय. बहिणीच्या बोलण्यात हा प्रश्न येत नाही म्हणून तुम्ही तिच्यावर चिडला आहात, हे पत्रात जाणवलं. तिचं म्हणणं बरोबर आणि अपुरं, दोन्ही आहे.

एक तर घोडी विकू नका. बाजारात तिची किंमत नाचणारी म्हणूनच होईल, आणि घेणारा पहिल्याच रात्री तिच्या तोंडात काटे घालील. तुमचे हात स्वच्छ राहतील, तिचं काहीच बदलणार नाही.

मग वरातीचं काम तुमच्या अटींवर न्या. नवरदेव घोड्यावर बसणार, घोडा चालणार, नाचणार नाही. देवळापासून मांडवापर्यंतचं ठरलेलं अंतर, ठरलेली वेळ. घोड्याजवळ फटाके नाहीत, डीजे असेल तर घोडा त्याच्या बऱ्याच पुढे. सनई-चौघडा किंवा साधा बँड असेल तिथे आधी होकार द्या. ओझ्याचंही बघा. घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंतच खोगीर आणि स्वार मिळून वजन असावं असं घोडेस्वारीत मानलं जातं. साडेतीनशे किलोच्या घोडीला ते सत्तर किलो होतं. भरलेला नवरदेव, पुढ्यात बसवलेला भाचा, खोगीर आणि जरीची झूल यांची बेरीज तुम्हीच करा. यात काही सुपाऱ्या जातील, हे मी लपवत नाही. काही घरं मात्र हेच शोधत असतात: आजी-आजोबांना त्रास नको, वरात लवकर पोचावी, घोडा उधळू नये. त्यांना तुमचा घोडा शांत आहे हे कळायला हवं. लग्नाआधीच्या फोटोंसाठी घोडा लागतो. दिवसाउजेडी, मोकळ्या माळावर, नुसतं उभं राहायचं आणि चालायचं. मोरकीवर शहाणी झालेली देखणी घोडी तिथे नाचणाऱ्या घोडीपेक्षा जास्त कामाची. आणि तुम्हाला स्वतःला हलक्या हाताची स्वारी येऊ लागली आहे. ती मुलांना शिकवणं हा पुढचा धंदा होऊ शकतो, मात्र घाईनं नाही. आधी स्वतः एखाद्या चांगल्या शिक्षकाकडे काही महिने काढा. तिकीट लावून खेळ करायचा विचार मनात असेल तर जनावरांच्या खेळांसाठी नोंदणीचे २००१ चे वेगळे नियम आहेत, ते आधी पाहा.

लोकांना नाचच हवा असतो, हे वडिलांचं गणितही एकदा पडताळून पाहण्यासारखं आहे. वारीत रिंगणात माउलींचा अश्व स्वाराविना धावतो तेव्हा हजारो लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. त्या घोड्याकडून कुणी नाच मागत नाही. तो धावतो, एवढ्यानं लोकांचं मन भरतं. तिथली गर्दी घोड्याला सोपी असते असं मला म्हणायचं नाही. पण घोड्याचं घोडेपण पाहून हेलावणारी माणसं आपल्याकडेच आहेत.

लगेच करायच्या गोष्टी आता सांगते. तुमच्यासारख्या इतरांनाही त्या उपयोगी पडतील. तोंडातल्या जखमा जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्या पूर्ण भरेपर्यंत तोंडात काहीही घालू नका. त्याच वेळी दाढाही तपासून घ्या. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर येत राहतात, कडा धारदार होऊन गाल कापतात, आणि आपण समजतो घोडी लगामाला तक्रार करते. त्या कडा वर्षातून एकदा घासून घ्याव्या लागतात. सध्याची दोरीची मोरकी बदला. नायलॉनची बारीक दोरी नाकावर रुतते आणि घासते. गावातल्या चांभाराकडून रुंद, आतून मऊ अस्तर असलेला चामड्याचा पट्टा शिवून घ्या. तो गालाच्या उंच हाडाच्या टोकापासून दोन बोटं खाली, नाकाच्या टणक हाडावर बसला पाहिजे, नाकपुडीजवळच्या मऊ भागावर नाही. आणि नाकावर दोन बोटं सहज आत जातील इतका सैल.

शिकवताना ओढण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष ठेवा. तुम्ही हलका दाब दिला आणि ती थांबली, की त्याच क्षणी हात सैल. तिला कळतं ते त्या सैल होण्यातून. एक थांबायचा शब्द ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरा. चालीत असताना डोकं एका बाजूला वळवून थांबणं दोन्ही बाजूंनी पक्कं करा. भरधाव घोडीला असं एकदम वळवलं तर ती पडेल, म्हणून हे चालीतच शिकवायचं. मग दुडकी. मग एक-एक नवी गोष्ट: रस्ता, मोटारसायकल, चार माणसं, लांबचा आवाज. ज्या पायरीवर ती घाबरली त्याच्या आधीच्या पायरीवर परत. डोक्यावर हेल्मेट घाला, शेतातही. आणि या सगळ्या काळात तिला गर्दीत नेऊ नका. या एका बाबतीत वडिलांचा शब्द अखेरचा माना.

उस्तादांशी संबंध तोडू नका. खूर, चंदी, पोटदुखी, नाल यांतलं त्यांचं ज्ञान तुम्हाला पुस्तकात मिळणार नाही. त्यांना तुमचं काम पाहायला बोलवा. बोलू नका, दाखवा. वडिलांशी बोलताना ‘तुम्ही तिला छळलंत’ इथून सुरुवात झाली तर बोलणं तिथेच संपेल. तुम्ही शिकलात तेही त्याच घोडीच्या पैशावर. तिची जीभ त्यांनी स्वतः पाहिली आहे का? नसेल तर आधी ती दाखवा.

ज्यांच्या घरी येत्या महिन्यांत लग्न आहे त्या वाचकांसाठीही एक सांगणं. घोडा ठरवायला जाल तेव्हा लगाम काढून हातात मागा आणि बोट फिरवून पाहा. ओठांचे कोपरे पाहा, तिथे गुलाबी चट्टे किंवा पांढरे पडलेले डाग आहेत का. ‘नाचणारा नको, शांत हवा’ असं स्पष्ट सांगा आणि त्याचे पैसे कमी करू नका. घोडेवाल्याला बदलायला एवढी मदत पुष्कळ होते.

आणि तुम्हाला शेवटचं. येत्या लग्नसराईच्या नाचाच्या सुपाऱ्या घरात आधीच घेतल्या असतील. त्यांची यादी काढा, वडिलांसोबत बसून एकेकाला फोन करा: घोडी आजारी आहे, यंदा नाचणार नाही, दुसरा घोडा नुसता चालवून आणतो, चालत असेल तर ठेवा, नाहीतर इसार परत. घोडी आजारी आहे यात खोटं काही नाही. जे ठेवतील त्यांची संख्या मोजा; पुढच्या वर्षीच्या धंद्याचं गणित तिथूनच मांडता येईल. तोंड भरून आलं, मोकळ्या शेतातली ती परीक्षा झाली, की ती कशी वागली ते मला कळवा.